जयाच्या हातचं आभाळ

ताराचंद गजभियेच्या क्वार्टरमागं अंगणात जे उभं होतं, त्याला कोराडीच्या कॉलनीत दुर्बीण असं कोणी म्हणत नसे. कोणी तोफ म्हणे, कोणी बोअरचा पाइप. शेजारच्या यमुताई तर आल्यागेल्या पाहुण्याला कुंपणावरून दाखवत, "हा गजभियेचा रणगाडा. अजून फुटला नाही, पण फुटन एखांद्या दिवशी."

पत्र्याची जाड नळी, तिच्याखाली सागाच्या फळ्यांचा घोडा, आणि बाजूला एक लांब बोल्ट, त्याला सायकलीच्या पायडलाची दांडी जोडलेली. नळीच्या तळाशी सहा इंची आरसा होता. तो ताराचंदनं स्वतः घासला होता. रिकाम्या ड्रमावर एक काच ठेवायची, तिच्यावर दुसरी, मधे पाणी आणि कुरुंदाची पूड, आणि ड्रमाभोवती फिरत घासत राहायचं. पॉवरहाऊसची शिफ्ट सुटली की हा माणूस ड्रमाला लागे. असे दोन हिवाळे गेले. त्याची माय, प्रयागबाई, ओट्यावर तांदूळ निवडता निवडता बोले, "लोकाईचे नवरे पत्ते कुटतात, माहा तारा डरमाभवती फेरे घालते. लगन लावतं का गा त्याच्यासंग?"

"लागलं न माय लगन," आतून जया म्हणे. "आता सवत आली मले. बिनातोंडाची हाय, भांडता बी येत नाही."

जया नागपुरातल्या इंदोऱ्याची. तिची माय भागीरथा बिड्या वळून घर चालवायची, आणि जयानंही लग्नापर्यंत सुपात तेंदूपत्ता घेऊन तेच केलं होतं. लहानपणी देवी येऊन गेलेल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत वण होते, काही खोल, काही पुसट. त्याचं तिला फार काही वाटत नव्हतं म्हणे, पण कॅमेरा समोर आला की ती नेमकी चहा ठेवायला उठे. लग्नाच्या फोटोतही तिची पाठच जास्त आली होती.

ताराचंदला आकाशातला एक फोटो हवा होता. देवयानी नावाच्या दीर्घिकेचा. दीर्घिका म्हणजे काय, हे त्यानं जयाला लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी सांगितलं होतं. आपला सूर्य, तसे अब्जावधी सूर्य, एकाच गोतातले, एका ठिकाणी घोळका करून बसलेले, आणि इतके दूर की सगळे मिळून एक धुरकट ठिपका. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला वीस लाखांहून जास्त वर्षं लागतात. नागपूरच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. जयानं ते बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बोंडातून कापूस निसटला असा दिसते. पण हा फोटो दुसऱ्याच्या आभायातला हाय. आपल्या कोराडीच्या आभायातला काढा."

तिथंच गोम होती. कोराडीला आभाळ होतं कुठं? पॉवरहाऊसचे दिवे, कोळशाच्या यार्डातले झोत, कॉलनीच्या रस्त्यांवरचे मर्क्युरीचे खांब, आणि दक्षिणेकडं अख्खं नागपूर पेटलेलं. त्यात चिमणीतून निघालेली राख वर तरंगायची आणि तो सगळा उजेड पसरवून द्यायची. डोळ्यांना चार ठळक तारे दिसत, बाकी वर ताक सांडल्यासारखं. फिल्म बिचारी काय करील? तिच्यासमोर जे येईल ते ती पिते. देवयानीचा उजेड थेंबभर, आणि कॉलनीचा बादलीभर. पाच-सात मिनिटं फिल्म उघडी ठेवली की, निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो म्हणून, धुतल्यावर ती सगळी काळीमिट्ट निघे, आणि कागदावर नुसता राखाडी चिखल.

"वीस लाख वर्सं चालत आला," जया एकदा असाच एक कागद हातात धरून म्हणाली, "आन् आपल्या कॉलनीच्या खांबाखाली येऊन बुडून मेला. काय नशीब म्हणाव!"

बरं, फोटो म्हणजे नुसता खटका दाबणं नव्हतं. आभाळ फिरतं. त्याच्या चालीनं दुर्बीण फिरवली नाही तर ताऱ्यांच्या रेघा येतात. मोटर घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मोठ्या नळीच्या पाठीवर ताराचंदनं एक लहान दुर्बीण बांधली होती. तिच्यात बारीक फुली. एक तारा फुलीवर बसवायचा, डोळा लावून राहायचं, आणि तो जरासा सरकला की दांडी नखभर फिरवून त्याला परत जागेवर आणायचं. फुलीसाठी आधी जयाचा केस लावून पाहिला, तो आतून चऱ्हाटासारखा दिसला. मग न्हाणीतल्या कोळिष्टकाचा धागा लावला.

दांडी ताराचंदच्या हाताला जमत नव्हती. हात दणकट, पण फिरवायला गेला की तारा उडी मारून फुलीच्या पलीकडं जाई. एक दिवस जया म्हणाली, "सरका जी. तुमी काय हाल लावले त्याचे." आणि बसली. बिडी वळणाऱ्या बोटांना कमी-जास्त कळतं. तिच्या हाताखाली तारा असा राहिला की जणू खिळाच ठोकला. त्या दिवसापासून दांडी तिची झाली. ताराचंद कॅमेरा बघे, जया आभाळ फिरवी.

पण तिचं हृदय धड नव्हतं. लहानपणीच्या सांधेतापानं त्यातली एक झडप आखडली होती. जिना चढली की ओठ निळसर पडत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दगदग नको, थंडी नको. त्यांना मूल झालं नाही, तेही त्यामुळंच. प्रयागबाई सुनेला एरवी टोचून बोलायची, पण तेवढ्या एका गोष्टीवर तिनं कधी तोंड उघडलं नाही.

"मले काही नाही पाह्यजे," जया म्हणे. "येवढा एक फोटो भेटला पाह्यजे. माह्या हातचा."

अंधार कधी व्हायचा? ग्रिड बसला तर. दूर कुठंतरी लाइन तुटली की ओढाताणीत वीज बनवणारे सगळे सेट एकामागून एक बंद पडत आणि कोराडीपासून नागपूरपर्यंत काळोख होई. चार-पाच वर्षांतून एखादवेळा. पण अशा वेळी पॉवरहाऊसचा भोंगा वाजे आणि शिफ्टवर असो-नसो, कंट्रोल रूमच्या प्रत्येक ऑपरेटरला धावावं लागे. ताराचंद त्यातलाच. आभाळ उघडायचं त्याच वेळी त्याला छताखाली जाऊन उभं राहावं लागे. आधीच्या दोन्ही खेपांना तर तो शिफ्टवर, छताखालीच होता.

ब्याऐंशीच्या डिसेंबरात, संध्याकाळी, घरात ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत ताटात पडलेलं, आणि दिवे गेले. आधी वाटलं फ्यूज. मग बाहेरून यमुताईंचा आवाज आला, "पुरी कॉलनी गेली वं!" ताराचंद हात न धुताच अंगणात आला. वर पाहिलं. एवढे तारे त्याच्या अंगणावर होते, हे त्यालाच माहीत नव्हतं. देवयानी जवळजवळ डोक्यावर होती, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

तेवढ्यात भोंगा झाला.

"जा जी तुमी," जया मागं उभी होती. डोक्याला मफलर गुंडाळून झालेलं. "मी पाह्यते."

"तुले एकटीले नाही जमणार. कॅमेरा..."

"काहून नाही जमणार? झाकण काढायचं, दांडी फिरवायची. दहा वर्सं मंग काय करून राहिली मी? जा न, साहेब बोंबलत असन."

त्यानं घाईघाईनं नळी देवयानीवर आणून दिली, फुलीत तारा बसवला, सायकल काढली आणि गेला. कंट्रोल रूममध्ये बॅटरीचे मिणमिणते दिवे होते, फोन वाजत होते, साहेब ओरडत होते. ताराचंद सांगतील ते करत होता. एकेक सेट उठवण्यासाठी त्याचे हात चालत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटत होतं की हे काम जरा सावकाश झालं तर बरं.

तो सकाळी घरी आला तेव्हा दोघी सासू-सून चुलीजवळ बसल्या होत्या. प्रयागबाईनं आधी झाडून घेतलं. "तुही बायको मरते गा अशानं! येवढ्या थंडीत दगडासारखी बसली. मी म्हटलं उठ, तर म्हणे बोलू नोको आत्याबाई, तारा हालते. मी बोलल्यानं तारा हालते का गा?"

"मंग गप बसली का माय?" ताराचंदनं जयाला विचारलं.

"छ्या! पुऱ्या खानदानाची उखयपाखय केली," जया हसत म्हणाली. तिला हसताना दम लागत होता. "पण लाइट आली न, तर मले काही सुचलंच नाही. झाकण हातातून पडलं. आत्याबाईनं आंगावरची गोधडी काढून फेकली नळीवर. त्याईच्यामुळं वाचला फोटो."

"आला असन?" त्यानं विचारलं.

"मले काय माहीत? पण तारा फुलीवरून नाही जाऊ देला मी. एकदा बी नाही."

रोलमधला एकच फोटो निघाला होता. लगेच धुवावा असं ताराचंदला फार वाटलं, पण जयानंच थांबवलं. आणखी एखादा अंधार मिळाला तर दुसराही काढू, नाहीतरी एक खराब झाला तर एक असू द्या. अंधार काही मिळाला नाही. जानेवारीत एका दुपारी उन्हात बसल्या बसल्या ती आपणहून म्हणाली, "माहा बी एक काढून घ्या." ताराचंदनं कॅमेऱ्याला परत भिंग लावलं. ती उठली नाही, चहाचं नाव काढलं नाही, सरळ कॅमेऱ्यात पाहत राहिली.

फेब्रुवारीत ती गेली. पहाटे छातीत पाणी भरलं, आणि गाडी सांगायला गेलेला ताराचंद परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या विधीत मांडायला तिचा फोटो हवा होता. फिल्म ताराचंद नेहमी घरीच धुवायचा, न्हाणीत, दाराच्या फटींना चिंध्या कोंबून. पण घर माणसांनी भरलेलं, न्हाणीशी रांग, आणि मुख्य म्हणजे त्याचे हात. चहाची बशी धरवत नव्हती. अशा हातांनी हा रोल धुवायचा? त्यात तिचा चेहरा होता, आणि तिनं पकडलेलं आभाळ होतं. दोन्ही एकदाच मिळणारं. त्यानं मनाशी म्हटलं, जोखीम नको, जाणत्या माणसाला देऊ.

जाणता माणूस म्हणजे सीताबर्डीचे बापूजी. त्यांच्याच स्टुडिओतून तो फिल्म घ्यायचा. बापूजी म्हातारे झाले होते, जाड भिंगांचा चष्मा होता, पण निगेटिव्हवर हात फिरवण्यात त्यांच्या तोडीचा माणूस शहरात नव्हता. मुलगी दाखवण्याआधी आयबाप तिचा फोटो घेऊन त्यांच्याकडं येत. डोळ्याखालचं काळं, कपाळावरची जखम, देवीचे वण, बापूजी सगळं घालवत. कितीतरी लग्नं आपल्या पेन्सिलीनं जमली, असं ते सांगत.

ताराचंदनं रोल त्यांच्या टेबलावर ठेवला. "बापूजी, एक तिचा हाय. आन् एक तिनं काढलेला हाय, आभायाचा. तिच्या हातचा तेवढाच. जपून करजा."

बापूजींनी चष्मा काढून डोळे पुसले. "तू घरी जा गा तारू. दोन्ही असे करून देतो का पाहत राहशीन. पैशाचं नाव काढू नोको."

म्हाताऱ्यानं शब्द पाळला. ताराचंद परत गेला तेव्हा टेबलावर मोठा फोटो तयार होता. कागद उलटा करून ठेवलेला. बापूजींनी तो हळूच फिरवला. त्यात एक बाई होती. गुळगुळीत कपाळ, भरलेले गाल, केळीच्या आतल्या पानासारखी कातडी. साडी जयाची होती, डोळेही तिचेच असावेत.

"एक बी वण नाही ठेवला," बापूजी म्हणाले. "बिचारीनं जलमभर वागवले. आता तरी सुटली पाह्यजे न."

ताराचंदनं मान हलवली. "आन् तो आभायाचा?"

"त्यानं तर माहा जीव घेतला!" बापूजी उत्साहानं खण उघडू लागले. "काय सांगू तुले, कचराच कचरा. पुऱ्या निगेटिव्हवर काळे ठिपके. कुठी धूळ बसली असन, कुठी पाण्याचे डाग. आन् मधोमध हा येवढा मोठा डाग, कोणाचा अंगठा लागल्यावानी. दुसरा असता तर फेकून देला असता. मी म्हटलं नाही, तिच्या हातचा हाय. बारीक चाकू घेतला आन् एकेक खरडून काढला. डोये फुटाची पाळी आली, पण दुसऱ्या कामाले हात नाही लावला. पाह्य आता, कसं निर्मळ आभाय!"

त्यांनी कागद पुढं केला. राखाडी, सपाट, स्वच्छ कागद. त्यावर काहीही नव्हतं.

ताराचंदनं निगेटिव्ह मागून घेतली आणि खिडकीशी जाऊन उजेडाकडं धरली. बाहेर रिक्षा चालल्या होत्या. निगेटिव्हच्या मध्यावर एक जागा घासून पातळ झाली होती. लांबट, जराशी तिरपी, दोन्ही टोकांना निमुळती. तिचा आकार त्याला पाठ होता. म्हणजे ती आली होती. कोराडीच्या आभाळातली देवयानी, जशी पुस्तकात होती तशी, त्याच अंगानं कललेली, या फिल्मवर येऊन बसली होती. तिच्या भोवतीनं चाकूच्या टोकाच्या बारीक बारीक खुणा होत्या, जिथं जिथं तारा होता तिथं तिथं. ताराचंद एकेक पाहत गेला. प्रत्येक खूण गोल होती. एकही लांबलेली नव्हती, एकही रेघ नव्हती. खरंच, एकदाही तिनं तारा फुलीवरून जाऊ दिला नव्हता.

"काहून गा, काही राह्यलं का?" बापूजींनी मागून विचारलं.

त्यांचे डोळे लाल झाले होते. चाकू धरून बोटाला पडलेला घट्टा ते दुसऱ्या हातानं चोळत होते. कित्येक दिवसांत कोणी कौतुक केलं नसावं, असा चेहरा होता.

"नाही बापूजी. छान झालं," ताराचंद म्हणाला. जरा वेळानं तो परत टेबलाशी आला. "खरडलेलं परत येते का?"

"चाकूचं? नाही येत. खरडलं ते गेलं."

"आन् पेन्सिलचं?"

"ते टर्पेंटाइननं पुसते. काहून?"

"तिची माय येऊन राहिली इंदोऱ्याहून," ताराचंद म्हणाला. "तिले ओळखू आली पाह्यजे न जया."

बापूजींनी जयाची निगेटिव्ह काचेच्या उतरत्या टेबलावर ठेवली, खालचा दिवा लावला, चिंधी ओली केली आणि आपलंच काम पुसायला घेतलं. आधी कपाळ, मग गाल, मग हनुवटी. ताराचंद शेजारी उभा राहून वण परत येताना पाहत होता. शेवटी त्यानं टेबलाची कड धरली आणि तो रडला. घरी रडला नव्हता. बापूजींना वाटलं, चेहऱ्यासाठी रडतो आहे. तेही खोटं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात पांढऱ्या चादरीवर तो फोटो होता, वणांसकट. वंदना झाली. जेवताना कोणीतरी कुजबुजलं की फोटो जरा दुरुस्त करून घ्यायला काय झालं होतं. भागीरथा जेवली नाही. ती फोटोसमोर बसून काचेवरून बोट फिरवत राहिली, एकेका वणावरून, जशी लहानपणी तापात पडलेल्या पोरीच्या तोंडावरून फिरवली असेल तशी. आभाळाचा कागद ताराचंदनं कोणाला दाखवला नाही. दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

मग वर्ष गेलं. दुर्बिणीवर पोतं टाकलेलं, त्यावर राख साचलेली. पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पुन्हा सगळं गेलं. ताराचंदला ताप होता, तो मेडिकल रजेवर घरी होता. भोंगा वाजला, पण तो त्याच्यासाठी नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंधार होता आणि तो घरी होता.

तो दारात बसून राहिला.

"तारा," प्रयागबाई भिंत चाचपत आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "लाइट गेली न गा? मंग बसून काहून राहिला? काढ न तुहा फोटो."

"कसा काढू माय? दांडी कोण फिरवन?"

"मी फिरवते म्हणते न! हात धडधाकट हायेत माहे. मले नुसतं सांग कुठी धरायचं."

ती ऐकेना. ताराचंदनं पोतं काढलं. जयाच्या स्टुलावर मायला बसवलं, तिची सुरकुतलेली मूठ दांडीवर ठेवली. म्हातारीनं लहान दुर्बिणीला डोळा लावला. तिला काही दिसणं शक्यच नव्हतं, तरी ती श्वास रोखून बसली. जन्मात पहिल्यांदा ती बोलत नव्हती.

कॅमेरा आत कपाटात होता, आणि त्यात फिल्म नव्हती. वर्षभरात त्यानं आणलीच नव्हती.

"बराबर होऊन राहिलं का गा?" प्रयागबाईनं हलक्या आवाजात विचारलं.

ताराचंदनं वर पाहिलं. देवयानी डोक्यावर होती, अगदी लख्ख. त्यानं आपला तापलेला हात मायच्या मुठीवर ठेवला आणि तिच्यासोबत दांडी नखभर फिरवली.

"हो माय," तो म्हणाला. "अशीच. हळू."